विठ्ठलराव सरांविरुद्ध

वाघजाळीच्या शाळेत बदली झाली तेव्हा मोनाली मनवरनं पहिला फोन आईला केला. कांताबाई फुलसावंगीला अंगणात तूर पाखडत होती.

"आई, कोनती शाळा भेटली सांग."

"मले काय ठाऊक बाई."

"विठ्ठलराव सरायची. सर तिथं हेडमास्तर आहेत."

कांताबाईनं सूप खाली ठेवलं. "मंग तुले काही पाहाची गरज नाही," ती म्हणाली. तिच्या आवाजातलं समाधान मोनालीला फोनवरूनही कळलं.

विठ्ठलराव नरवाडे हे नाव त्या घरात देवासारखं नव्हे, पण घरच्या वडीलधाऱ्या माणसासारखं घेतलं जायचं. मोनाली पाचवीत असताना तिचे वडील उकंडा बैलगाडीवरून पडले आणि कंबरेतून लुळे झाले. कांताबाई दुसऱ्याच्या वावरात जायची, आणि दीड वर्षाचा भाऊ राजदीप मोनालीच्या काखेला आला. शाळा सुटल्यातच जमा होती. तेव्हा विठ्ठलराव सर बुद्धनगरातल्या त्यांच्या घरी आले, बाजेच्या कडेवर बसून त्यांनी बशीत चहा ओतून प्याला, आणि म्हणाले, "भावाले घेऊन येत जा वर्गात. त्याले कोन अडवते पाहू." राजदीप मग दोन वर्षं वर्गात पोत्यावर बसून खडू खात असायचा. एकदा त्यानं सरांच्या खुर्चीखालीच मुतून ठेवलं. सरांनी स्वतः पोछा मारला होता.

सर मारायचे. त्या काळी कोण मारत नव्हतं? पण पुढं कायदा आला, पोरांना हात लावायचा नाही असं परिपत्रक आलं, तेव्हा ते मोठ्यानं वाचून दाखवणारे सरच होते असं जुने शिक्षक सांगत. "आपल्याले पोरं सांभाळाले दिले हायेत, बडवाले नाही," असं ते म्हणाले होते म्हणे. मोनाली वाघजाळीत आली तेव्हा त्यांच्या हातात छडी नव्हती.

पण सर पूर्वीचे राहिले नव्हते. बायको भागीरथा वारल्यापासून ते घरी एकटेच असत. मुलगी प्रेरणा नांदेडला दिलेली. ती मोनालीच्या बरोबरीची, लहानपणची मैत्रीण. सरांना बीपीच्या गोळ्या चालू होत्या, त्या कधी घ्यायचे, कधी विसरायचे. निवृत्ती उन्हाळ्यावर आली होती. त्यात तपासणीचं पथक येणार, पोरांना वाचता येतं का, गणित येतं का ते पाहणार, असा निरोप आला आणि सर सकाळपासून संध्याकाळपर्यंत पोरांच्या मागे लागले.

आयुष आडे चौथीत होता. शाळेला लागूनच बंजाऱ्यांचा तांडा आहे, तिथला. बाप सेवादास आणि आई दिवाळी झाली की ऊसतोडीला जात, होळीला परत येत. तोवर आयुष आजीजवळ, धुरपताबाईजवळ. पोरगं हुशार होतं. हिशेब तोंडी करायचं, बकऱ्यांची नावं ठेवायचं, बाईंनाही नवी नावं विचारायचं. त्याचा उजवा कान तान्हेपणापासून वाहायचा. मोनालीच्या हे लवकरच लक्षात आलं होतं. कुणी बोललं की तो मान वळवून डावा कान पुढे करायचा. तिनं त्याला आपल्या तासाला खिडकीकडच्या बाकावर, डावा कान फळ्याकडे येईल असं बसवलं होतं. आरोग्य पथक आलं की दाखवू, सरांच्याही कानावर घालू, असं तिच्या मनात होतं. ते मनातच राहून गेलं.

त्या दिवशी सर चौथीवर होते. मोनाली शेजारच्या वर्गात. मधला दरवाजा उघडा. सरांनी फळ्यावर गणित घातलं आणि आयुषला उठायला सांगितलं. आयुष खिडकीबाहेर बघत होता. शाळेमागच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बाया एकमेकींशी बोलत होत्या, आणि त्याचा चांगला कान तिकडे होता. सरांनी पुन्हा हाक मारली. मग अजून मोठ्यानं. पोरं हसायला लागली. सर उठले, बाकापाशी गेले.

"ऐकून न ऐकल्यावानी करतं काय रे?"

आणि हात गेला. डाव्या कानावर, पूर्ण पंजा.

मोनालीनं तो आवाज ऐकला आणि पाहिलंही. आयुष बाकावर आडवा झाला. रडला नाही. कानावर हात ठेवून तो उठून बसला आणि समोरच्या उघड्या दारातून मोनालीकडे बघत राहिला, काय झालं ते बाईंना विचारावं तसा. थोड्या वेळानं त्याच्या बोटांमधून रक्ताची बारीक धार मनगटावर आली.

सरांनी ती पाहिली. त्यांचा चेहरा एकदम राखेसारखा झाला. खिशातला रुमाल काढून त्यांनी पोराच्या कानाला लावला, त्याला धरून बाहेर नेलं, आणि स्वतःच तांड्यात सोडून आले. परत आल्यावर त्यांनी मोनालीला ऑफिसात बोलावलं.

"बाई," ते म्हणाले, "पोरगा पायरीवरून पडला."

मोनाली उभीच राहिली. चारचौघांत ते तिला बाई म्हणत, पण दोघंच असताना त्यांनी कधी मोनालीशिवाय हाक मारली नव्हती.

"सर, मी पाहिलं."

"तुमी तुमच्या वर्गात होत्या." सरांनी कपाटाचं दार विनाकारण उघडलं आणि लावलं. "त्याच्या आजीले मी तसंच सांगतलं."

धुरपताबाईनं लसूण घालून कोमट तेल कानात सोडलं. पोराला ताप भरला. शाळेत आला नाही तेव्हा मोनाली तांड्यात गेली. तो बाजेवर पडला होता आणि तिनं दारातून दिलेली हाक त्याच्यापर्यंत पोचली नाही. जवळ जाऊन खांद्याला हात लावला तेव्हा दचकून उठला, तिचं तोंड बघून हसला आणि खूप मोठ्यानं म्हणाला, "बाई, सगळे हळूहळू बोलून राह्यले."

तिनं दोघांना गाडीत घालून पुसदला नेलं. तिथून यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. कानाच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी दिवा लावून आत पाहिलं, पुन्हा पाहिलं, तपासण्या करून घेतल्या.

"काय झालं होतं?"

"पडला म्हन्ते गुरुजी," धुरपताबाई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी मोनालीकडे पाहिलं. "तुम्ही कोण?"

"शिक्षिका. त्याच्या शाळेतली."

"पडून असं होत नाही. आणि हाच चांगला कान होता."

सरांनी रुमाल लावला तो मोनालीला दिसत होता, आणि पोत्यावर बसलेला राजदीपही. समोर आयुष एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. आपल्याबद्दल काहीतरी चाललंय एवढंच त्याला कळत होतं.

"मुख्याध्यापकांनी थोबाडीत मारली," ती म्हणाली. "मी पाहिलं."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मला पोलिसांना कळवावं लागेल. तुम्हालाही कळवावंच लागलं असतं. लेकरू तुमच्या ताब्यात होतं."

बाहेरच्या बाकावर धुरपताबाई तिच्याकडे बघायला तयार नव्हती. "कायले सांगतलं बाई?" ती शेवटी म्हणाली. "गुरुजी भला मानूस हाय. माह्या सेवादासले त्यायनंच शिकवलं. आता पोराले शाळेत कोन घेईन?"

"शाळेतून कोनी काढू शकत नाही, आजी."

"तुमी आज हाय, उद्या बदली होईन. आमाले इथंच राहाचं हाय."

गुन्हा दाखल झाला. सर निलंबित झाले. केंद्रप्रमुख येऊन मोनालीला समजावून गेले की निवृत्तीला आलेला माणूस आहे, गैरसमज झाला असं लिहून दिलं तर प्रकरण मऊ होईल. गावातली माणसं रस्त्यानं ती दिसली की बोलणं थांबवत. तांड्याचा नाईक हरिसिंग दोनदा समझोत्याची बैठक लावून बसला.

रविवारी ती फुलसावंगीला गेली. कांताबाईनं ताट वाढलं, पण शेजारी बसली नाही. चुलीपुढेच राहिली.

"त्या मानसानं तुले लिहाले शिकवलं."

"हो."

"तुह्या भावाचं मूत पुसलं. आन तू त्यायले पोलिसात दिलं."

"मी दिलं नाही, आई. विचारलं तर सांगतलं."

"नसतं सांगतलं तर?"

मोनाली भाकरीचा तुकडा हातात घेऊन बसली. "पोराले आता काहीच ऐकू येत नाही," ती म्हणाली. "आजी बिचारी तोंडाजवळ तोंड नेऊन बोलते, आन त्याले वाटते थे रागावून राह्यली."

कांताबाईनं चुलीतला जाळ आत सारला. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "जेव आता." सरांचा विषय तिनं त्यानंतर काढला नाही, पण मोनालीच्या पगाराची, शाळेची, पोरांची चौकशीही बंद केली. तो विषयच त्या घरातून उठला.

सेवादासला कारखान्यावर निरोप मिळाला. तो घेतलेल्या उचलीचं काम अर्धं टाकून आला आणि आल्या आल्या शाळेत येऊन दारात उभा राहिला.

"बाई, आमच्या घरचं होतं थे आमी पाहून घेतलं असतं," तो म्हणाला. "गुरुजीनं मले बी मारलं. लय मारलं. मी काही बहिरा नाही झालो."

आयुष मैदानात, त्यांच्याकडे पाठ करून, मातीत काहीतरी रेघोट्या काढत होता. मोनाली म्हणाली, "भाऊ, त्याले हाक मारा."

"आयुष," सेवादासनं हाक मारली. मग मोठ्यानं, "आयुष!" मग त्यानं तांड्याच्या गोरबोलीत काहीतरी म्हटलं, ऊसफडात बाप पोराला लांबून बोलावतो तसं. झाडावरच्या साळुंक्या उडाल्या. पोरगा रेघोट्या काढत राहिला.

सेवादास खाली बसला. तिथंच, पायरीवर. त्यानं दोन्ही हात डोक्यावर धरले. आयुषनं जेव्हा वळून पाहिलं तेव्हा बाप आला म्हणून तो धावत सुटला आणि त्याच्या गळ्यात पडला. बाप का रडतो आहे ते त्याला कळेना.

दुसऱ्या दिवशी सेवादासनं समझोत्याला नाही म्हणून सांगितलं.

खात्याच्या चौकशीत सरांनी लेखी दिलं की मी हात उचलला नाही, मनवरबाईंचा गैरसमज झाला असावा. मोनालीला ते वाचून दाखवलं गेलं. अक्षर सरांचंच होतं, ठळक, वळणदार. 'गैरसमज' या शब्दातला ग त्यांनीच तिला गिरवायला शिकवला होता. तिनं पाणी मागितलं आणि मग आपलं म्हणणं जसंच्या तसं पुन्हा सांगितलं.

खटला पुसदच्या कोर्टात पुढच्या हिवाळ्यात उभा राहिला. सर प्रेरणाबरोबर आले होते. ते वाळले होते. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल पडली होती. कॉरिडॉरमध्ये मोनाली प्रेरणाजवळ गेली तर प्रेरणा म्हणाली, "माह्याशी बोलू नको," आणि भिंतीकडे वळली.

सरांच्या वकिलांनी मोनालीला उभं आडवं विचारलं.

"आरोपींनी तुम्हाला शिकवलं?"

"हो."

"त्यांचे तुमच्यावर उपकार आहेत?"

"हो."

"मुलाचा एक कान आधीपासून खराब आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मुख्याध्यापकांना कधी सांगितलं?"

मोनालीनं कठड्याला धरलं. "नाही सांगितलं."

"म्हणजे तुम्ही सांगितलं असतं, तर ते समजले असते की मुलाला ऐकू येत नाही. बरोबर?"

"बरोबर."

"मग निष्काळजीपणा कुणाचा?"

सरकारी वकिलांनी हरकत घेतली. पण मोनाली म्हणाली, "माझाही आहे. पण मारलं सरांनी."

मग वकिलांनी हळूच वळण घेतलं. सर कोणत्या समाजाचे, बाई कोणत्या, बदलीवरून काही मनात होतं का, जातीचा काही राग. मोनालीनं तेव्हा पहिल्यांदा सरांकडे पाहिलं. बुद्धनगरात बाजेवर बसून चहा पिणारा माणूस मान खाली घालून बसला होता. तो एक शब्द बोलला नाही. सरांनी पोर बहिरं केल्याचं दुःख तिनं एवढे दिवस पोटात वागवलं होतं. हे मात्र तिला सहन झालं नाही. साक्ष संपवून ती बाहेर आली, बसस्टँडपर्यंत चालत गेली आणि तिची महागावची गाडी समोरून निघून गेली तरी बाकावर तशीच बसून राहिली.

निकालाआधी एका दुपारी सर शाळेत आले. मधली सुट्टी होती, पोरं खिचडी खात होती. मोनाली फाटकापर्यंत धावली.

"सर, तुमाले इथं यायची मनाई आहे. जामीन रद्द होईल."

"ठाऊक आहे." सरांनी फाटकाला हात लावला नाही. "त्या दिवशी कोर्टात माहा वकील तुले तसं बोलला आन मी बसून राह्यलो. घरी झोप येत नाही. त्या पोराले एकदा भेटू दे. मंग तू कोनालेही सांग."

मोनालीनं त्यांना परत पाठवायला हवं होतं. नियम तिला माहीत होता. पण तिनं नव्या मुख्याध्यापकांना बोलावून आणलं, त्यांना शेजारी उभं केलं, आणि आयुषला हात धरून फाटकाशी आणलं. आयुष सरांना पाहून तिच्या मागे सरकला. मोनालीनं त्याचा हात सोडला नाही.

सर त्याच्यापुढे उभे राहिले. मान खाली, नजर स्वतःच्या चपलांवर. ते बोलायला लागले. आवाज इतका खोल होता की मोनालीलाही कान द्यावा लागला. बायको गेल्यापासून डोकं ठिकाणावर नव्हतं, हे सांगितलं. हाका मारल्या, वाटलं मुद्दाम करतो, हे सांगितलं. "पडला असं मी खोटं सांगतलं, बाळा. मी मारलं. मले माफ कर." त्यांच्या नाकावरून पाणी खाली चपलेवर पडत होतं.

बोलणं संपलं. आयुष त्यांच्या पांढऱ्या केसांकडे बघत होता. त्यांचे ओठ त्याला दिसलेच नव्हते. त्यानं मोनालीचा हात ओढला आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात विचारलं, "बाई, सर काय म्हनले?"

सरांनी मान वर केली. आपण काय केलं ते त्यांना तेव्हा पहिल्यांदा पूर्ण दिसलं असावं, कारण त्यांनी फाटकाची सळई घट्ट धरली.

मोनाली आयुषच्या पुढ्यात बसली, त्याचा चेहरा आपल्याकडे वळवला, आणि एकेक शब्द ओठांनी कोरत म्हणाली, "सर म्हणाले, त्यांचं चुकलं. तुझं काहीच चुकलं नव्हतं."

आयुष विचार करत राहिला. मग सरांकडे नाही, बाईंकडेच बघून म्हणाला, "मले थे गनित येत होतं." आणि खिचडी गार होते म्हणून हात सोडवून पळाला.

"सर," मोनाली उभी राहून म्हणाली, "हे मला सरकारी वकिलांना सांगावं लागेल. तुम्ही आलात ते, आणि बोललात तेही."

"सांग, मोनाली," सर म्हणाले. "मी बी सांगतो."

पुढच्या तारखेला त्यांनी न्यायाधीशांपुढे उभं राहून गुन्हा कबूल केला. वकिलांनी बाही धरून खाली ओढलं तरी बसले नाहीत. शिक्षा झाली. वय आणि कबुली पाहून ती कमी झाली, पण तुरुंग चुकला नाही. ते पोलिसांच्या गाडीत चढत असताना प्रेरणा त्यांच्या गोळ्यांची पिशवी शिपायाच्या हातात द्यायला धडपडत होती. मोनाली खांबाआड उभी होती. पुढं जाऊन पिशवी धरावी असं तिला फार वाटलं. ती गेली नाही.

आयुषला कानाचं यंत्र मिळालं. त्यानं घुमल्यासारखं काहीतरी येतं, शब्द येत नाहीत. जूनमध्ये सेवादासनं त्याला यवतमाळला मूकबधिर मुलांच्या निवासी शाळेत घातलं. तो जाताना धुरपताबाई मोनालीला भेटायला आली. तिनं आभारही मानले नाहीत आणि दोषही दिला नाही. "आता थो बोटानं बोलते म्हन्ते तिथं," ती म्हणाली. "मले कसं समजीन?" आणि पदर तोंडाला लावून निघून गेली.

मोनाली अजून वाघजाळीतच आहे. नव्या वर्षी पोरं आली की पहिल्या आठवड्यात ती एकेकाचे कान, डोळे तपासून घेते आणि कुणाचं काय आहे ते त्याच दिवशी सगळ्या शिक्षकांना सांगते. वर्गात एखादं पोर हाकेला वळलं नाही तर ती दुसरी हाक मारत नाही. हातातलं पुस्तक ठेवते, उठते, बाकांमधून चालत त्याच्यापाशी जाते, आणि आपला चेहरा त्याला दिसेल अशी पुढ्यात बसून मगच खांद्यावर हात ठेवते.